२८०० मीटरचा घोडा, १४०० मीटरचं कॅलेंडर: नाशिकच्या एका भागीदारीचं प्रकरण

नाशिकला रेसकोर्स नाही. पण इथून मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स साधारण १७० किलोमीटरवर आणि पुण्याचा ट्रॅक २१० किलोमीटरवर आहे. त्यामुळे दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या बागायतदाराला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा ठेवणं अशक्य नाही. हौस हवी आणि दर महिन्याला बिल भरायची तयारी हवी. लांब पल्ल्याच्या शर्यती का आटत आहेत, हे समजण्यासाठी पुढचं प्रकरण रचलेलं आहे. घोडा, भागीदार आणि रुपयांचे आकडे हिशेबापुरते धरले आहेत. शर्यती, अंतरं, वर्षं आणि घोड्याच्या शरीराविषयीचा तपशील मात्र खरा आहे.

घोडा आणि पेच

चार भागीदार आहेत. तिघांच्या द्राक्षबागा, चौथ्याचं शेती औषधांचं दुकान. त्यांनी फेब्रुवारीत दोन वर्षांचा कुमैत (तांबूस-तपकिरी) नर घेतला. बाप २४०० मीटर जिंकलेला, आई २००० मीटर जिंकलेली. लिलावात तो स्वस्त मिळाला, कारण दिसायला तो घाईचा घोडा नव्हता: लांब पाठ, अरुंद छाती, आणि पुठ्ठा अजून खांद्यापेक्षा उंच, म्हणजे वाढ चालू. गुडघ्याच्या एक्स-रेत हाडाची वाढीची रेषा उघडी दिसत होती. असं शिंगरू जोरात पळवलं तर नळीचं हाड दुखावतं आणि मोसम वाया जातो. ट्रेनरने सांगितलं, "शेठ, याला हिवाळ्यात मागू नका. हा पुढच्या पावसाळ्याचा आहे." सल्ला अगदी योग्य होता आणि भागीदारांनी तो पाळला.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात तो पुण्याला पहिल्यांदा पळाला. १२०० मीटर, मधल्या जथ्यात. १४०० ला जरा बरा. मग मुंबईत वर्ग ४ ची (वर्ग रेटिंगवरून ठरतात, आकडा मोठा तितका दर्जा कमी) २००० मीटरची एक शर्यत मिळाली आणि तीत शेवटच्या २०० मीटरमध्ये बाकीचे थकत असताना हा तसाच पळत राहिला आणि आरामात जिंकला. हँडिकॅपरने, म्हणजे घोड्यांचे गुण आणि वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, रेटिंग ३४ वरून ४४ केलं. एक गुण म्हणजे अर्धा किलो, म्हणजे पुढच्या खेपेला पाठीवर पाच किलो जास्त. हेही रास्तच.

अडचण पुढे आली. त्याच्या वर्गात २००० मीटरची दुसरी शर्यत मोसमात वेळेवर आली नाही. घोडा तयार होता, बिल चालू होतं, म्हणून तो दोनदा १४०० ला उतरवला. पाचवा आणि सातवा. रेटिंग ३८ वर आलं. आता मार्च चालू आहे, घोडा चार वर्षांचा आहे, इंडियन डर्बी होऊन गेली आहे. एक भागीदार म्हणतो, विकून टाकू. दुसरा म्हणतो, १६०० ला वळवू. तिसऱ्याच्या डोक्यात पुण्याची इंडियन सेंट लेजर आहे, २८०० मीटर. चौथा फक्त हिशेब मागतो.

चौथ्यापासून सुरुवात करू, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतींची घसरण त्याच्या वहीतच दिसते.

वाट पाहण्याची किंमत

महिन्याचा सगळा खर्च, म्हणजे ट्रेनरची फी, मोतद्दार, खाद्य, नालबंद, डॉक्टर, ५५,००० रुपये धरू. लवकर तयार होणारा घोडा फेब्रुवारीत घेतला तर डिसेंबरात दोन वर्षांचा असतानाच पळतो. तोपर्यंत १० महिने, साडेपाच लाख. आपला घोडा पहिल्यांदा पळाला १९ महिन्यांनी, म्हणजे १० लाख ४५ हजार. नुसत्या उशिराची किंमत ४ लाख ९५ हजार, आणि त्या नऊ महिन्यांत एक रुपया परत यायची शक्यता नाही.

द्राक्षवाला वाट पाहायला घाबरत नाही. खुंट लावून कलम करून पहिलं पीक हातात येईपर्यंत दीड-दोन वर्षं तो बागेत पैसे ओततोच. पण त्याला ठाऊक असतं की पीक आलं की बाजार आहे. इथे उशिरा पिकणाऱ्या घोड्यासाठी बाजारच आखडलेला आहे. मालक लवकर पळणारा घोडा मागतो, म्हणून स्टड फार्म वेगवान स्टॅलियनकडे (पैदाशीच्या नराकडे) घोड्या पाठवतं. लांब पळणाऱ्यांची संख्या घटते, लांब शर्यतींना घोडे मिळत नाहीत, म्हणून शर्यती भरवणारा क्लब त्या लावत नाही. या साखळीत कोणीही मूर्खपणा करत नाही, आणि म्हणूनच ती तोडणं अवघड आहे.

हे एकट्या भारताचं नाही

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये किंग्ज प्लेटच्या शर्यती चार-चार मैलांच्या फेऱ्यांच्या असत, पाठीवर १२ स्टोन (साधारण ७६ किलो) वजन. एक्लिप्स हा १७६४ सालचा घोडा पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो पाच वर्षांचा झाल्यावर. त्या काळाच्या मानाने १७७६ ची सेंट लेजर, १७७९ ची ओक्स आणि १७८० ची डर्बी या तरुण घोड्यांच्या आखूड शर्यती होत्या. म्हणजे अंतर कमी होणं जुनंच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याने वेग घेतला. अमेरिकेतला जॉकी क्लब गोल्ड कप १९७५ पर्यंत दोन मैलांचा होता, १९७६ ला दीड मैलाचा झाला, १९९० ला सव्वा मैलाचा. जपानने शरद ऋतूतली तेन्नो शो १९८४ मध्ये ३२०० वरून २००० मीटरवर आणली. फ्रान्सने आपली डर्बी, म्हणजे प्री द्यू जॉकी क्लब, २००५ मध्ये २४०० वरून २१०० मीटर केली. आयर्लंडची सेंट लेजर १९८३ पासून मोठ्या वयाच्या घोड्यांना खुली झाली, कारण नुसत्या तीन वर्षांच्या घोड्यांवर तिचं महत्त्व टिकेना.

भारतात मोठ्या शर्यतींची अंतरं टिकून आहेत. गिनीज १६०० मीटर, ओक्स आणि डर्बी २४००, सेंट लेजर २८००, आणि देशभरातले निवडक घोडे जिथे एकत्र येतात त्या इन्व्हिटेशनच्या शर्यतींत स्टेयर्स ट्रॉफी ३००० मीटर. कागदावर सगळं शाबूत आहे. पोकळी मधे आहे. शिखरावर चषक आहेत, पण वर्ग ३ आणि ४ च्या साध्या घोड्याला २२००-२४०० मीटर पळून वर चढायला पायऱ्याच नाहीत. कार्डावरच्या, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमातल्या, बहुतेक शर्यती १००० ते १६०० मीटरच्या. लांब पल्ल्याचा घोडा पहिल्याच दिवशी अव्वल दर्जाचा नसतो. त्याला त्याच्या अंतरावर पाच-सहा शर्यती लागतात. त्या मिळाल्या नाहीत की तो १४०० ला सातवा येतो आणि नालायक ठरतो. आपल्या कुमैताचं नेमकं हेच झालं.

क्लब असं का करतो

क्लबवर लगेच आरोप करण्याआधी टनालाचा हिशेब पाहावा. या पैजेत पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचे असतात. बारा घोडे पळाले तर १२ × ११ × १० म्हणजे १३२० जोडण्या होतात. पाच पळाले तर ६०. साठ जोडण्यांच्या टनालावर कोणी पैसे लावत नाही. प्लेसच्या (पहिल्या काही क्रमांकांत येण्याच्या पैजेच्या) जागाही कमी होतात. टोटवरची (क्लबच्या स्वतःच्या बेटिंग यंत्रणेवरची) उलाढाल घटली की बक्षिसाला पैसा उरत नाही. त्यात बेटिंगवर २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अशा अवस्थेत २४०० मीटरला पाच एंट्री आणि १२०० ला चौदा एंट्री आल्या तर क्लब १२०० च्या दोन डिव्हिजन करतो आणि २४०० रद्द करतो. गणित समजण्यासारखं आहे.

पण पाचच एंट्री का आल्या, हे कोणी विचारत नाही. १४०० चा घोडा २४०० साठी तयार करायला ट्रेनरला निदान आठ आठवडे हवेत. मोसमात अशी एकच सुटी शर्यत लावली तर तिच्यासाठी आठ आठवडे कोण घालवेल? एकटी शर्यत नेहमीच फसते आणि तिच्या फसण्याचा पुरावा पुढच्या वर्षी तीही काढून टाकायला वापरला जातो. तीन शर्यती, चार-चार आठवड्यांच्या अंतराने, वर्ग ३ आणि ४ एकत्र, आणि घोषणा मोसमापूर्वी: एवढं केलं तर ट्रेनर घोडा वळवतो. युरोपने हाच मार्ग धरला. तिथे २०१७ च्या मोसमात लांब शर्यतींचे दर्जे वाढवले, आणि ठरावीक लांब शर्यतींची मालिका जिंकणाऱ्या घोड्याला ब्रिटनमध्ये दहा लाख पौंडांचा बोनस ठेवला. स्ट्रॅडिव्हेरियस या घोड्याने तो २०१८ आणि २०१९ असा दोनदा उचलला.

रक्त काय सांगतं

डब्लिनच्या विद्यापीठातल्या एमेलीन हिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मायोस्टॅटिन (स्नायूंची वाढ ठरवणारं) जनुक आणि शर्यतीचं अंतर यांचा संबंध मांडला. सी-सी घोडे आखूड पल्ल्याचे, सी-टी मधल्या, टी-टी लांब. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं की वेगाचा सी प्रकार जातीत फार मागे एकाच घोडीपासून आला आणि १९५४ सालच्या निअर्क्टिकच्या वंशातून तो झपाट्याने पसरला. निअर्क्टिक म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा बाप. त्याचं रक्त आज जवळपास प्रत्येक पेडिग्रीत (वंशावळीत) आहे. भागीदारांनी ही चाचणी जरूर करावी. ती घोडा जिंकेल का हे सांगत नाही, पण टी-टी निघाला तर त्याला १४०० ला पळवत राहणं हा पैशाचा नाश आहे, एवढं पक्कं कळतं. आपला घोडा टी-टी आहे असं धरू.

मग पुढे याला स्टॅलियन म्हणून किंमत येईल का? बहुधा नाही. अ‍ॅस्कॉट गोल्ड कप २००६ ते २००९ असा सलग चारदा जिंकणारा यीट्ससुद्धा उड्यांच्या शर्यतींचा स्टॅलियन म्हणून ठेवला गेला. उलट उदाहरण जपानचं आहे, आणि आम्हाला ते फार मोलाचं वाटतं. तिथे वसंतातली तेन्नो शो ३२०० आणि किकुका शो ३००० मीटर आजही मानाच्या आहेत. डीप इम्पॅक्टने दोन्ही जिंकल्या आणि तो जपानच्या सर्वांत मोठ्या स्टॅलियनांपैकी एक झाला. कितासान ब्लॅकने किकुका शो एकदा आणि वसंतातली तेन्नो शो दोनदा जिंकली, आणि त्याचा मुलगा इक्विनॉक्स २००० आणि २४०० मीटरवर जगात अव्वल ठरला. दम असलेला बाप वेग मारतो, ही समजूत इथे उघडी पडते.

२८०० मीटरमध्ये काय चुकतं

सेंट लेजरच्या नादात असलेल्या तिसऱ्या भागीदाराने हा भाग नीट समजून घ्यावा. अंतर लांब असलं म्हणजे शर्यत दमाची होतेच असं नाही.

२८०० मीटर म्हणजे २०० मीटरचे १४ टप्पे. एकसारख्या गतीने, दर टप्पा १२.८ सेकंदांत पळाला तर एकूण २ मिनिटं ५९ सेकंद. अशा शर्यतीत १६०० चा घोडा शेवटच्या तीन टप्प्यांत १३.५ वर घसरतो, आपला १२.८ वरच राहतो. फरक २.१ सेकंद, म्हणजे अकरा-बारा लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी). पण पाचच घोडे पळत असलेल्या शर्यतीत पुढे जायला कोणी तयार नसतं. पहिले दहा टप्पे १३.८ ने रेंगाळत जातात, एक टप्पा १२.८ ने, आणि मग शेवटचे ६०० मीटर भन्नाट सुटतात. तिथे १६०० चा घोडा ११.६ ने पळतो, आपला जोर लावून ११.९ ने. फरक ०.९ सेकंद, साधारण पाच लेंथ, आणि तो आपल्या विरुद्ध. घोडे तेच, अंतर तेच, निकाल उलटा. नाव २८०० चं, शर्यत ६०० ची.

म्हणून जॉकीला सूचना स्पष्ट हवी: कोणी गती लावली नाही तर आपणच पुढे जायचं आणि २०० मीटरच्या खांबाखांबाला १२.८ ते १३ धरायचं. हे सांगणं सोपं, करणं कठीण. आठवडाभर १२०० मीटर पळवणाऱ्या जॉकीच्या अंगात ते घड्याळ राहत नाही. लांब शर्यती कमी झाल्यावर घोड्यांबरोबर ही कसबही जाते, आणि तिची नोंद कुठल्याच निकालपत्रकात होत नाही. सकाळच्या वर्कला ट्रेनरने त्याच जॉकीला बसवावं, १६०० मीटर टप्प्याटप्प्याने मोजून घ्यावं, आणि स्टॉपवॉच त्याला दाखवावं.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच फर्लांगाला (साधारण १००० मीटर) एका लेंथचा फरक पाडायला साधारण तीन पौंड लागतात, दोन मैलांना साधारण एक. म्हणजे हँडिकॅपमध्ये दिलेले पाच किलो लांब पल्ल्यात कितीतरी जास्त जाचतात. सेंट लेजर ही हँडिकॅप नाही, तिथे वजन रेटिंगवरून ठरत नाही. रेटिंग ३८ चा घोडा तिथे दर्जाने कमी पडेल, वजनाने नव्हे. हा धोका लपवून चालणार नाही.

मार्च ते ऑक्टोबर

भागीदारांची पहिली इच्छा घोडा सहा आठवडे नाशिकला मळ्यात आणायची आहे. विश्रांती हवीच, पण मळा नीट तपासून. काळ्या मातीला एप्रिलमध्ये खुरात अडकतील अशा भेगा पडतात. पाय मुरगळला की नळीमागची शीर (टेंडन) गेली. म्हणून मुरमाड जागा निवडावी, तीसुद्धा नांगरून सपाट केलेली. काटेरी तार अजिबात नको, लाकडी किंवा पाइपचं कुंपण हवं. बागेत एप्रिल छाटणीनंतर फवारण्या चालू होतात, म्हणून पॅडॉक (घोडा मोकळा सोडायचं कुंपण) बागेवरून वारा येतो त्या बाजूला नको आणि बागेला लागूनही नको. ऊन ३८ अंशांच्या वर जातं तेव्हा पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सोडावं. निघण्यापूर्वी ट्रेनर आणि क्लबची परवानगी आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी. प्रवासात मान उंच बांधून ठेवू नये; डोकं खाली घेता आलं नाही तर श्वासनलिकेतला कफ निचरत नाही आणि छातीत न्यूमोनिया उतरतो. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून डोकं मोकळं सोडावं.

खुराक घरी येण्याआधीच उतरवायला घ्यावा. सहा किलो ओट-चण्यावरून दहा दिवसांत दोन किलोवर. काम बंद आणि दाणा तसाच, असं झालं की पुन्हा काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडतात आणि लघवी काळपट होते. लसूणघास आपल्याकडे मुबलक आहे, पण नुसती तीच नको. निम्मं वाळलेलं डोंगरी गवत मिसळावं. कोवळी ज्वारी मुळीच देऊ नये.

मेच्या मध्यावर परत तबेल्यात. तीन आठवडे चाल आणि ट्रॉट, मग हलका कँटर, आधी १६०० मीटर, नंतर त्याच्या दोन फेऱ्या मधे चालवून. खाद्यात तेल सुरू करावं, थोडं थोडं वाढवत तीन आठवड्यांत दिवसाला २५० मिलिलिटरपर्यंत. जुलैत आठवड्यातून दोनदा वर्क (वेगाचा सराव), शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांच्या आसपास. मोसमाची पहिली शर्यत १६०० ची, फक्त अंग मोकळं व्हायला. दुसरी २००० ची, कार्डावर असेल तर. नसेल तर सकाळच्या वर्कमध्येच दोन जोडीदार घोडे वापरावेत: एकाने पहिले १२०० मीटर सोबत करावी, दुसऱ्याने तिथून पुढचे १२००. शर्यत आणि शर्यत यांत चार-पाच आठवडे ठेवावेत. घोड्याच्या स्नायूंत साठलेली साखर भरून यायलाच तीन दिवस लागतात, आणि थकलेल्या पायांवर पुन्हा जोर पडला की शीर सुजते.

विकायचा म्हटला तर

येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक नुकरा (पांढरा), अबलख (दुरंगी), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) असा रंग बघतं, चाल बघतं. साध्या कुमैत थरोब्रेडला तिथे भाव नाही, आणि तापट घोडा वरातीत बँडसमोर उभा करणं माणसांनाही धोक्याचं. त्याची खरी जागा रायडिंग स्कूल. त्यासाठी आधी खच्ची करून, तीन महिने दाणा कमी करून, नव्या हातांनी शिकवावा लागतो. या तीन महिन्यांचे पैसे विक्रीच्या किमतीतून निघत नाहीत; ते मालकानेच द्यायचे असतात. शांत, दमदार, सरळ पायांचा हा घोडा तिथे नक्की चांगला निघेल.

ठरलं ते

१६०० चा पर्याय पहिल्यांदा बाद झाला. टी-टी घोडा तिथे खर्च करतो, कमावत नाही. उरला सेंट लेजरचा, तोही अटींसह. ऑगस्टअखेर २००० मीटरवर, खऱ्या गतीने झालेल्या शर्यतीत किंवा सकाळच्या लांब वर्कमध्ये, वर्ग २ च्या जोडीदाराच्या पाच लेंथच्या आत राहिला तर एंट्री करायची. राहिला नाही तर एंट्री मागे घ्यायची आणि रायडिंग स्कूलशी बोलायचं. चौघांनी हे कागदावर लिहून सह्या केल्या. क्लबकडे मालक म्हणून वर्ग ३-४ च्या २४०० मीटरच्या तीन शर्यतींची लेखी मागणी द्यायची, ट्रेनरच्या सहीसह आणि कोण कोण घोडे उतरवेल त्या नावांसह, कारण नावांशिवाय केलेली मागणी कार्डावर येत नाही.

आणि पैसा. मार्च ते ऑक्टोबर आठ महिने, ५५,००० प्रमाणे ४ लाख ४० हजार, वर रायडिंग स्कूलच्या तयारीचे तीन महिने, १ लाख ६५ हजार. एकूण ६ लाख ५ हजार, म्हणजे प्रत्येकी १ लाख ५१ हजार २५०. ही रक्कम आत्ता, द्राक्षाचे पैसे हातात असतानाच वेगळ्या खात्यात टाकायची ठरली. सेंट लेजर येते तेव्हा बागेत गोडी छाटणी (फळासाठीची), डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि फवारणी एकदम अंगावर येते, आणि तेव्हा तिघांपैकी एकाच्याही खिशात घोड्यासाठी पैसे नसतात.